हवा सगळ्यांची, मंडळ कुणाचे?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वस्तीतल्या बायकांनी शेजारच्या कारखान्याच्या धुराबद्दल अर्ज केला होता. धूर सुटायचा रात्री. तपासणीला साहेब आले सकाळी अकराला. चिमणी शांत. बायकांनी दोरीवरचे काजळी धरलेले कपडे दाखवले, तर म्हणाले, "हा पुरावा होत नाही." उत्तर आले, तक्रारीत तथ्य नाही. आम्हाला त्यांचाच राग आला. नंतर कळले, कितीतरी गावांचा भार त्या एकट्यावर होता. रात्री येणार कोण?

म्हणून आज मी धुराबद्दल नाही, खुर्च्यांबद्दल बोलणार आहे. त्या खुर्च्यांवर कोण बसते आणि किती रिकाम्या राहतात?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली, पाण्याच्या प्रदूषणासाठी स्थापन झाले. १९८१च्या कायद्यानंतर हवाही त्याच्याकडे आली. मंडळाची रचना १९७४च्या जल कायद्यात दिली आहे : या विषयाचे ज्ञान वा अनुभव असलेला अध्यक्ष, पाचपर्यंत सरकारी अधिकारी, पाचपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, शेती-मासेमारी-उद्योग-व्यापार अशा हितसंबंधांचे तीनपर्यंत बिनसरकारी प्रतिनिधी, सरकारी कंपन्यांचे दोन, आणि पूर्णवेळ सदस्य-सचिव. अध्यक्ष मात्र अर्धवेळही चालतो! घरात बाईने अर्धवेळ स्वयंपाक केलेला चालतो का, विचारा.

ज्ञान हवे असे कायदा म्हणतो, पण देशभर राज्याराज्यांत या खुर्च्या सोयीच्या माणसांना दिल्या गेल्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की, अध्यक्ष व सदस्यांच्या पात्रतेचे नियम सहा महिन्यांत करा. रिकाम्या जागांचेही तेच. दिल्ली व शेजारच्या राज्यांना न्यायालयाने २०२४ साली मुदत घालून दिली. तरी मे २०२५ मध्ये दिल्लीच्या समितीत निम्म्याहून अधिक पदे रिकामी होती. दरवर्षी धुरात गुदमरणाऱ्या राजधानीची ही गत, तर आपल्या तालुक्याचे काय?

आता आपला प्रश्न. खोकणारे मूल रात्रभर मांडीवर कोण घेते? दवाखान्यात रांग कोण लावते? खाडा कुणाच्या मजुरीचा होतो? वारा कधी फिरतो, वास कधी येतो, हे तिला यंत्राशिवाय कळते. पण मंडळाच्या रचनेत स्त्रीसाठी एकही राखीव जागा नाही.

तरीही दार पुरते बंद नाही. स्थानिक संस्थांमध्ये आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या पाच जागांवर नगरसेविका, जिल्हा परिषद सदस्या का नकोत? बिनसरकारी प्रतिनिधींच्या कलमात "इतर कोणतेही हितसंबंध" असेही शब्द आहेत. श्वास घेणे हा हितसंबंध नाही का? शिवाय मंडळाला समित्या नेमता येतात आणि त्यांवर बाहेरची माणसे घेता येतात.

नुसती बाई बसवून मात्र भागणार नाही. नामधारी सरपंचबाई आपण पाहिल्या आहेत. तिच्या हाताशी प्रयोगशाळा, रात्री फिरणारे कर्मचारी आणि वेळेवर अहवाल हवेत.

तेव्हा परत गेल्यावर माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा : आपल्या विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्यांत स्त्रिया किती. उत्तरे पुढच्या बैठकीला घेऊन या. काजळीचे कपडे पुरावा होत नसतील, पण हे आकडे त्यांच्याच सहीचे असतील.