रस्त्यावर गेलेल्यांची आठवण
(धानोरा येथील बैठकीत केलेलं बोलणं)

नोव्हेंबरचा तिसरा रविवार जगभर रस्ते अपघातात गेलेल्यांच्या आठवणीसाठी पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये तो मान्य केला.

मुंबईतले भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे. २०१५ च्या पावसाळ्यात त्यांचा सोळा वर्षांचा प्रकाश खड्ड्यामुळे गेला. मग या बापाने स्वतः भर आणून शहरातले शेकडो खड्डे बुजवले. काम खरं तर महापालिकेचं!

आपल्याकडे शहराची गर्दी नाही. पण अंधार आहे, रस्त्यात बसलेली गुरं आहेत, अन् वाळायला टाकलेलं धान आहे. धान तर आपलंच ना? त्याच्या कडेला ठेवलेले दगड रात्री गाडीवाल्याला दिसत नाहीत.

जखमीला उचललं तर पोलीस मागे लागतील, ही भीती सोडा. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. आधी १०८ लावा. धडक देणारी गाडी पळाली अन् सापडलीच नाही, तर मृताच्या घरच्यांना २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. अर्जाचं तहसील कार्यालयात विचारा. एकट्या बाईला पाठवू नका, गटातल्या दोघी सोबत जा.

येत्या बैठकीत आपापल्या गावातून गेलेल्यांची नावं घेऊ. मग महिला सभेत धोक्याच्या वळणांची यादी करून ग्रामसभेत ठराव मांडू. ठरावाची ताकद मेंढा-लेखाच्या शेजारणींना मी काय सांगू? यादी प्रेरिका ताईंकडे द्या.