घरदुरुस्तीचा ठेका आणि ग्राहकाचा कायदा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ग्राहक-संरक्षण म्हटले की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर रेशन दुकानातील तराजू, भेसळीचे तेल आणि विजेचे बिल उभे राहते. घरदुरुस्तीचा ठेका त्या यादीत सहसा येत नाही. वस्तुतः सामान्य पगारदाराची भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम एका माणसाच्या हाती सोपवली जाते ती बहुधा याच व्यवहारात. गच्चीची गळती, न्हाणीघराची लादी, सुटलेला गिलावा यांसाठी पैसा आगाऊ जातो, आणि करार असतो तोंडी.

विकणाऱ्यास मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्यास हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले. घरदुरुस्तीत ही विषमता अधिकच तीव्र होते. कोब्यात सिमेंट किती गेले, हे लादी बसल्यावर गवंड्यावाचून कोणास कळणार? प्रामाणिक ठेकेदाराचा दर साहजिकच चढा दिसतो, आणि काम जाते ते स्वस्त सांगणाऱ्याकडे.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत गृहबांधणीचा स्पष्ट उल्लेख १९९३ साली आला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, बिल्डर वा ठेकेदार यांच्याशी करार करणारा नागरिकही सेवेचा उपभोक्ता ठरतो, असा निर्वाळा दिला. २०१९ च्या नव्या कायद्याने हा हक्क कायम राखला. सहकारी गृहनिर्माण संस्थेचाही ‘व्यक्ती’त समावेश असल्याने सबंध इमारतीच्या दुरुस्तीचा वाद संस्थेला नेता येतो. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. आयोगाची पायरी चढलेल्या माणसास त्यावर हसू आल्यास त्याला दोष देऊ नये.

मात्र एक भेद कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावयास हवा. ‘वैयक्तिक सेवेचा करार’ या कायद्याबाहेर आहे. आपल्याकडील नाक्यावरच्या भाषेत सांगायचे तर काम ‘अंगावर’ दिले की ‘रोजावर’, हा तो प्रश्न. ठरावीक रकमेत काम पुरे करण्याची जबाबदारी ठेकेदाराने अंगावर घेतली, तर ती सेवा होय आणि त्याला आयोगापुढे उभे करता येते. परंतु घरमालकाने स्वतः सिमेंट आणून, स्वतः हुकूम सोडून मिस्त्रीला रोजावर राबविले, तर ते नाते मालक-नोकराच्या जवळ जाते आणि ग्राहक म्हणून दावा टिकणे कठीण. हा भेद उचितच आहे. ज्याच्या हाती फक्त थापी आहे, त्याच्यावर नुकसानभरपाईचा बोजा टाकणे हा न्याय नव्हे.

खरी उणीव अन्यत्र आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या घराच्या रचनेतील दोष पाच वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले. पण ज्यात नव्याने विक्री वा वाटप नाही अशी जुन्या घराची दुरुस्ती त्याच कायद्याने नोंदणीतून वगळली. म्हणजे नवे घर घेणाऱ्यास पाच वर्षांची हमी, आणि चाळीस वर्षांच्या घरात राहणाऱ्यास ठेकेदाराचा शब्द! सरकार स्वतः मात्र ठेकेदाराच्या शब्दावर कधी विसंबत नाही. सार्वजनिक बांधकाम खाते सुरक्षा ठेव अडकवून ठेवते, दोष-दायित्वाचा काळ करारात लिहून घेते, मोजमाप-पुस्तक भरल्यावाचून बिल काढीत नाही. राज्यसंस्थेने आपल्या तिजोरीसाठी शोधून काढलेली ही युक्ती नागरिकाच्या बचतीला का लागू होऊ नये? घरदुरुस्तीसाठी नमुना-करार आणि किमान दोष-दायित्वाचा काळ कायद्याने बंधनकारक करावा, ही मागणी पक्षाने धरलीच पाहिजे.

तोवर कागद घरोघरी नेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सामान्य माणसाला संघटित खरेदीचे धडे देत आली. तसाच धडा येथे हवा. एका पानावर कामाचे वर्णन, मालाचा प्रकार, एकूण रक्कम, हप्ते, पुरे करण्याची तारीख आणि सही. रक्कम रोख दिल्यास पावती घ्यावी. गळतीचा वाद झाल्यास बिघडलेला भाग उखडण्यापूर्वी छायाचित्रे आणि जाणत्या अभियंत्याचा लेखी अहवाल, कारण उखडल्यावर पुरावाच ढिगाऱ्यात जातो.

या पानावर आणखी एक कलम असावे, जे ग्राहक चळवळीला बहुधा सुचत नाही. ‘मालकाने पैसे दिले नाहीत’ ही सबब सांगून गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी बुडविली जाते, आणि ‘मजूर पळाले’ ही सबब सांगून मालकाचे काम. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून मधला माणूस सुटतो. सबब मजुरी चुकती झाल्याची सही-अंगठा दाखविल्यावरच पुढील हप्ता, असे त्यात लिहावे. आणि गच्चीचे काम एप्रिल-मे महिन्यांत होत असल्याने, शेवटचा हप्ता ऑक्टोबरात, पावसाळा उलटून छत कोरडे राहिल्यावर द्यावा.