साग मेलाय की तहान सांभाळतोय?

लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांचंही स्वागत.

गेल्या मार्चमधली गोष्ट. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीची मीटिंग होती. विषय क्रमांक चार: कंपाउंडमधला साग. झाड चौथ्या मजल्याच्या गच्चीला टेकलेलं आणि अंगावर एक पान नाही. सेक्रेटरी म्हणाले, "वाळलंय ते. पावसाळ्यात गाड्यांवर पडायच्या आत तोडायच्या परवानगीचा अर्ज करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा उठले, झाडाकडे गेले, बुंध्याजवळ फुटलेल्या एका फांदीची साल नखाने खरवडली आणि म्हणाले, "या, बघा." आत ओलं, हिरवंगार.

ठराव पुढे ढकलला. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. त्याच आठवड्यात आमची पाण्याची मोटर बिघडली होती आणि चौथ्या मजल्यावर आम्ही बादल्या वाहत होतो. मग या सागाला मोटर कुठली?

बघा, स्ट्रॉने ज्यूस ओढताना आपल्याला वाटतं की आपणच ओढतोय. खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ज्यूसला वर ढकलतो. त्या दाबाची ताकद साधारण १० मीटरपर्यंत, म्हणजे अंदाजे तिसऱ्या मजल्याइतकी. त्यापुढे कितीही जोर लावा, पाणी चढत नाही. आणि मलेशियातल्या साबामध्ये तर १०० मीटरहून उंच झाड उभं आहे. तिथे पाणी कसं पोचतं?

उत्तर शेंड्यावर आहे. पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. उन्हात तिथून पाण्याची वाफ होते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरचा कण गेला की तो खालच्याला ओढतो, तो त्याच्या खालच्याला, असं करत ओढ थेट मुळांपर्यंत जाते. खोडात केसासारख्या बारीक जलवाहिन्या असतात आणि त्यांत पाण्याचा ताणलेला अखंड धागा. मोटर नाही, वीजबिल नाही, सगळं काम उन्हाचं. डिक्सन आणि जोली या डब्लिनच्या दोन शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्ये मांडलं.

आता गोची कुठे आहे? जमीन कोरडी पडली की धाग्यावरचा ताण वाढतो. फार वाढला की जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. आपल्याकडे म्हणतात ना, "मोटरने हवा धरली"? तसंच. एक नळी गेली तर चालतं, कारण दोन नळ्यांच्या मध्ये बारीक जाळी असते आणि ती बुडबुड्याला अडवते. पण शेकडो नळ्यांनी हवा धरली तर झाड संपलं.

म्हणून झाड रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे स्वयंपाक बंद. तहान की भूक, एक काहीतरी निवडायचं.

आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या झाडांना ही निवड दरवर्षी करावी लागते. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मग आठ महिने कोरडे. साग सरळ पानंच टाकून देतो. मार्चमध्ये येऊरला जा, डोंगर वणवा लागून गेल्यासारखा दिसतो. मेलेलं काही नसतं, सगळ्यांनी नळ बंद केलेला असतो. ऐनाची तऱ्हा वेगळी, तो खोडात पाणी साठवू शकतो. मार्च २०२४ मध्ये आंध्रच्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी ऐनाच्या खोडाला छेद दिला आणि पाण्याची धार लागली. तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. (घरी करून बघू नका!)

साग तर याची डायरीही लिहितो. त्याच्या खोडात वर्षाला एक कडं तयार होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर या शास्त्रज्ञांनी ठाणे परिसरातल्या सागाची कडी हवामानाशी ताडून पाहिली आणि १९८३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या पावसाचा हिशेब आपल्याच झाडांच्या पोटात आहे, मंडळी.

बारमाही हिरव्या वर्षावनातल्या झाडांना मात्र एवढ्या लांब उन्हाळ्याची सवय नसते. ब्राझीलमध्ये काशिउआना नावाचं जंगल आहे. तिथे २००२ पासून एक हेक्टरभर जंगलात झाडांखाली प्लास्टिकचे पत्रे लावून जमिनीवर पडणारा जवळजवळ निम्मा पाऊस अडवला. पहिली काही वर्षं झाडांनी निभावलं. मग मोठी, उंच झाडं मरायला लागली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की ती उपाशी मेली नव्हती, त्यांच्या साखरेचा साठा जवळपास तसाच होता. पाण्याचा धागा तुटला होता.

हे वाचलं आणि मी खिडकीतून खाली बघितलं. आमच्या सागाच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट. बाजूला पेव्हर ब्लॉक. एवढा पाऊस पडतो, पण तो गटारात जातो. ब्राझीलमध्ये तो प्रयोग होता, आपण त्याला 'सुशोभीकरण' म्हणतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता: झाडाभोवती एक मीटरच्या आत काँक्रीट नको. एक मीटर म्हणजे स्कूटर लावायलाही पुरत नाही इतकी जागा.

जूनमध्ये आमच्या सागाला सुपाएवढी पानं आली. सेक्रेटरींनी तोडायचा विषय गुपचूप वगळला. काँक्रीट मात्र अजून तसंच आहे. पुढच्या मीटिंगला विषय क्रमांक चार माझा असणार आहे. आजोबांना पहिल्या रांगेत बसवणार आहे.

तुमच्या सोसायटीतलं 'वाळलेलं' झाड तोडायचा विषय निघाला तर आधी फांदीची साल नखाने खरवडून बघा. आणि बुंध्याजवळ माती दिसते का, तेही बघा. काय दिसलं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून उतरा, डोंबिवली आलं!