थायलंडला रिटायर व्हायचंय? आधी आठ लाख बाटचं बोलू

इअरफोन लावलेत ना? चला.

गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकाच छापाच्या रील पाठवल्यात. समुद्रकिनारा, हातात शहाळं, आणि खाली लिहिलेलं, ‘पन्नाशीनंतर थायलंड, व्हिसा एकदम सोपा’. रील तीस सेकंदांची असते. कागद बरेच असतात. आणि ते मी स्वतः जमवलेत, माझ्या मावशीसाठी. त्यामुळे आज जरा खोलात बोलू.

मावशी 61 वर्षांची. बँकेतून रिटायर झाली. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा टोरांटोला. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर घर, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि गुडघे बोलायला लागलेत. मैत्रिणींबरोबर दोनदा थायलंड फिरून आली आणि एके दिवशी मला म्हणाली, “अरे, मला तिथे वर्षभर राहता येईल का रे? जरा बघून सांग.” माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, दोन दिवस तिच्याशी बोललीच नाही. आईचं म्हणणं साधं होतं: “ताई, तिथे एकटीला काही झालं तर?” हा प्रश्न तुम्ही लक्षात ठेवा, कारण व्हिसाचे अर्धे नियम शेवटी त्यालाच येऊन भिडतात.

आधी एक गैरसमज. ‘रिटायरमेंट व्हिसा’ म्हणजे कायमचं राहण्याचा परवाना नाही, नागरिकत्व तर लांबच. वय 50 किंवा जास्त हवं, आणि परवानगी एकेका वर्षाची मिळते. दरवर्षी नव्याने मागायची.

रस्ते मुख्यतः दोन. पहिला, नॉन-इमिग्रंट ओ-ए. हा आपल्या देशातूनच काढायचा. भारतात 1 जानेवारी 2025 पासून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन झालाय. यात पासपोर्ट ऑफिसकडून पोलिस क्लिअरन्स लागतं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. त्या सर्टिफिकेटात कुष्ठरोग, टीबी, हत्तीरोग वगैरे नाही असं लिहून हवं असतं. यादी वाचून मावशी म्हणाली, “माझा डायबेटिस यांना चालतोय, हत्तीरोग नाही. बरंय!” आणि लागतो आरोग्य विमा, किमान 30 लाख बाटचा. याच्याकडे परत येतो.

दुसरा रस्ता म्हणजे 90 दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ घेऊन जायचं आणि तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात एक वर्षाची मुदतवाढ मागायची. मुदतवाढीची फी 1,900 बाट. यात विम्याची सक्ती नाही. पण पैसे थायलंडच्या बँकेत, तुमच्याच नावावर दिसले पाहिजेत.

किती पैसे? एकतर 8 लाख बाट बँकेत, नाहीतर महिन्याला 65,000 बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख. समजायला बाट 2.6 रुपयांना धरू. म्हणजे 8 लाख बाट झाले 20 लाख 80 हजार रुपये, आणि 65,000 बाट झाले महिन्याचे 1 लाख 69 हजार. एवढी पेन्शन आपल्याकडे कोणाला असते सांगा! मावशीची 52,000 आहे, म्हणजे जेमतेम 20,000 बाट. त्यामुळे बहुतेक भारतीय माणसांसाठी मुद्दल ठेवायचा रस्ताच उरतो.

आता रीलमध्ये कधीच न सांगितलेली गोष्ट. ओ-ए घेतलात तर पहिल्या अर्जाच्या वेळी ही रक्कम भारतातल्या बँकेत दाखवता येते. दुसऱ्या रस्त्यात ती तिकडे न्यावी लागते, आणि नुसती दाखवून काढूनही घेता येत नाही. अर्जाच्या आधी दोन महिने 8 लाख पूर्ण हवेत. मंजुरीनंतर तीन महिने तशीच हवेत. त्यानंतर निम्मी काढता येतात, पण 4 लाखांच्या खाली खातं एक दिवसही जाता कामा नये. आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा 8 लाख. म्हणजे वर्षातले पाच महिने 20 लाख रुपये अडकले, उरलेले सात महिने 10 लाख. हा पैसा तुमचा आहे, पण आजारपणात हात घालावा तर परवानगी जाते. मावशीने हे ऐकलं, वही काढली, आणि पहिल्यांदाच गप्प बसली. ग्रॅच्युइटीतले जे काही शिल्लक होते, त्यातला मोठा वाटा हाच होता.

बरं, पैसे पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, म्हणजे तिथे अडचण नाही. अडचण टीसीएसची. वर्षात 10 लाखांच्या वर जे जाईल, त्यावर अशा कामासाठी 20 टक्के कापले जातात. 20 लाख 80 हजार एकदम पाठवले तर 10 लाख 80 हजारांवर, म्हणजे 2 लाख 16 हजार रुपये. ते बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर करात वळते होतात किंवा परत येतात. पण तोपर्यंत हातात नसतात. आम्ही सरळ निम्मे मार्चमध्ये पाठवले आणि निम्मे एप्रिलमध्ये. दोन वेगळी आर्थिक वर्षं, त्यामुळे टीसीएस फक्त दोन्ही वेळी 10 लाखांच्या वर गेलेल्या थोड्या रकमेवर. (आमच्या मावशीला बँकेत तीस वर्षं काढल्याचा असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता.)

आता विमा. ओ-ए मध्ये सक्ती आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून सगळे दुसरा रस्ता स्वस्त म्हणतात. मला हे पटत नाही. भारतातली मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्या हॉस्पिटलांपुरती असते. तिकडे खाजगी हॉस्पिटलं उत्तम आहेत, पण बिल तुमच्याच नावावर येतं. साठीनंतर, त्यात डायबेटिस असताना, नवा विमा महाग मिळतो आणि आधीचे आजार वगळूनच मिळतो. मावशी म्हणाली, “सक्ती नाही ना? मग राहू दे.” मी म्हटलं, “अगं मावशी, सक्ती सरकारची नाही, गरज तुझी आहे.” शेवटी तिने विमा घेतला, आणि बिनशर्त अशी वेगळी रक्कम ठाण्याच्या खात्यात ठेवली: आजारी पडले तर पहिलं विमान मुंबईचं. चार-साडेचार तासांचा प्रवास आहे. अमेरिकेपेक्षा थायलंड निवडण्यामागे तिचं खरं कारण हेच होतं.

रोजच्या राहण्यातले नियम पटापट सांगतो. घरमालकाने 24 तासांत तुमची नोंद करायची असते, त्याला टीएम 30 म्हणतात. घर बघतानाच विचारून घ्या, कारण काही घरमालक टाळतात आणि अडकता तुम्ही. दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, चुकलं तर 2,000 बाट दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, री-एंट्री परमिट. मुदतवाढ मिळाली आणि हे परमिट न काढता देशाबाहेर पडलात, तर मुदतवाढ तिथेच संपली. एका वेळचं 1,000 बाट, वर्षभर कितीही वेळा ये-जा करायची तर 3,800. माझ्या बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. मावशीने 3,800 वालं काढलं. म्हणाली, “आपल्या घरात कधी कोणाचं काय निघेल सांगता येत नाही.”

काम करता येत नाही. अजिबात नाही. मावशी ठाण्यात सोसायटीतल्या बायकांना योगासनं शिकवायची, तिथेही शिकवेन म्हणाली. वर्क परमिटशिवाय ते चालत नाही. जमीनही विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीत परदेशी लोकांचा वाटा 49 टक्क्यांपर्यंतच. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा. चियांग माईचे फोटो बघून तिथेच घर शोधायला निघालेल्यांनी मार्चमध्ये एकदा जाऊन यावं. शेतं आणि जंगलं जळतात, धुराने डोंगर दिसत नाहीत. मावशीला दमा नाही, तरी तिने समुद्राकाठचं हुआ हिन निवडलं.

करही आहे. कॅलेंडर वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी. 1 जानेवारी 2024 पासून बाहेर कमावलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं, तर ते करपात्र धरलं जातं. भारताशी करार आहे, त्यामुळे दोनदा कर लागू नये अशी सोय आहे, पण एकदा सीएकडे बसाच. भारतातली खातीही एनआरओ करून घ्यावी लागतात. पेन्शनरांनी हयातीचा दाखला विसरू नये, तो भारतीय दूतावासातूनही मिळतो.

तुम्हाला तिथे एजंट भेटतील. “आठ लाख नाहीत? आम्ही तुमच्या खात्यात टाकतो, शिक्का बसला की काढतो, फक्त फी द्या.” लांब राहा. असा शिक्का उघडकीला आला तर एजंट दिसत नाही, पासपोर्ट मात्र तुमचा असतो.

आईच्या प्रश्नावर येतो. एकट्या माणसाचं तिथे निधन झालं की बँक खातं गोठवते, आणि पैसे सोडवायला वारसांना कोर्टात जावं लागतं. थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं तिथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र असलं तर काम हलकं होतं. ही गोष्ट मावशीपुढे काढायची कशी, ते मला कळत नव्हतं. तिनेच काढली. बँकेत क्लेमच्या टेबलावर बसली होती ना कितीतरी वर्षं. मृत्युपत्र केलं, एक प्रत टोरांटोला, एक माझ्या आईकडे. आईने ती न वाचता कपाटात ठेवली, पण बोलायला लागली.

आणि तुम्ही स्वतः 28 चे असाल, लॅपटॉपवर काम करत असाल, तर हा व्हिसा तुमचा नाहीच. तुमच्यासाठी 2024 मध्ये आलेला डीटीव्ही नावाचा वेगळा प्रकार आहे, पाच वर्षांचा, खात्यात 5 लाख बाट दाखवायचे. त्याचा भाग पुढच्या शुक्रवारी. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आतली. मावशीला विचारायचं असेल तर तसं सांगा, पण दुपारी चारनंतर. आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे ती, आणि संध्याकाळी सहाला ती चालायला जाते, फोन घरीच ठेवून.