दिवस भरत येताना



सातवा महिना लागला की आमच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो, 'डॉक्टर, नॉर्मल होईल ना?' हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो, 'घरीच केलं तर? आजीची सगळी घरीच झाली.'

या प्रश्नांमागची भीती खोटी नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातल्या खासगी रुग्णालयांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारी रुग्णालयांत १४. तेव्हा ऑपरेशन टळावं असं वाटणारच. पण घरच्या बाळंतपणात मला धास्ती वाटते ती बाळ आल्यानंतरच्या अर्ध्या तासाची. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर ते गर्भाशय घट्ट आवळलं नाही, तर धडधाकट बाईसुद्धा बघता बघता पांढरी पडते. कुणाच्या बाबतीत असं होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून बाळ जन्मल्या जन्मल्या आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. इंग्लंड, नेदरलँड्समध्ये काही जणी घरी बाळंत होतात. पण तिथे शिकलेली सुईण औषधांसह हजर असते आणि गरज पडली तर रुग्णालयात हलवायची सोय आधीच ठरलेली असते. आपल्याकडे ती घडी अजून बसलेली नाही.

मग बाईला घर का हवंसं वाटतं? आपलं माणूस जवळ असतं, हिंडा-फिरायची मोकळीक असते, दोन घोट पेज पिता येते आणि कुणी घाई करत नाही. हे सगळं दवाखान्यात नेता येतं. तिथलं रक्त आणि ऑपरेशन थिएटर मात्र घरी आणता येत नाही. म्हणून नैसर्गिक बाळंतपणाची तयारी म्हणजे घरातलं हे चांगलं दवाखान्यात कसं न्यायचं, याची तयारी.

पहिली गोष्ट रक्ताची. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली नको. रक्त मुळात कमी असेल तर थोडासा रक्तस्रावही जिवावर बेततो. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका.

दुसरी गोष्ट माहेरची. पहिलटकरीण माहेरी जाते, पण तिची फाइल पुष्कळदा सासरच्या कपाटात राहते! रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड हे सगळं सोबत घ्या. छत्तिसावा आठवडा लागण्याआधी पोचा आणि जिथे बाळंत व्हायचं तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून या. तिथल्या आशाताईंकडे नाव नोंदवा. दुर्गम आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' असतं. दिवस भरत आले की तिथे येऊन राहता येतं.

तिसरी गोष्ट दवाखाना निवडण्याची. संकोच न करता विचारा. कळांच्या वेळी माझ्याजवळ घरचं माणूस राहू द्याल का? मला चालता-फिरता, पाणी पिता येईल का? कुशीवर किंवा उकिडवं बसून बाळंत होता येईल का? चीर देऊन टाके सगळ्यांनाच घालता, की गरज असेल तरच? रात्री अपरात्री सिझेरियन लागलं तर डॉक्टर आणि रक्त किती वेळात मिळेल? सोबतीचं माणूस जवळ ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांना मुभा दिली आहे. सोबतीला मात्र न घाबरणारी बाई निवडा. कंबर चोळून देणारी, 'श्वास हळूहळू सोड' म्हणणारी मावशी किंवा जाऊ अशा वेळी फार मोलाची.

आता प्रत्यक्ष कळांकडे येऊ. खोट्या कळा विश्रांती घेतली की ओसरतात. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, नेमानं येतात, जवळजवळ येत जातात आणि चाललं तरी थांबत नाहीत. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड अर्धं उघडायलाच अनेक तास लागू शकतात. हा काळ घरी काढायला हरकत नाही. फार लवकर भरती झालात तर कळा वाढवण्याची घाई सुरू होण्याचा संभव असतो. घरात फिरा, मऊ भात खा, सरबत घ्या, दर दोन तासांनी लघवीला जा, रात्र असेल तर डुलकी काढा. दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ, आणि हे तासभर टिकलं, की निघा. दवाखाना लांब असेल किंवा दुसरी-तिसरी खेप असेल तर त्याआधीच निघा. आधी सिझेरियन झालेलं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जुळं असेल किंवा बाळ पायाळू असेल, तर घरी अजिबात थांबू नका.

या वेळी दोन चुका टाळा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधी 'जोर लाव, जोर लाव' म्हणून तिला दमवू नका. आणि कुणालाही घरी बोलावून कळा वाढवायचं इंजेक्शन देऊ नका. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. नवव्या महिन्यात तूप प्यायलं की बाळ सहज सुटतं असंही म्हणतात. तूप पोटात जातं आणि पचतं, बाळाच्या वाटेशी त्याचा संबंध येत नाही. त्यापेक्षा रोज अर्धा तास चाला.

काही लक्षणं दिसली तर कळांची वाट बघायची नाही. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, त्यातही हिरवट पाणी, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटका येणं. डाव्या कुशीवर झोपवा आणि १०२ किंवा १०८ला फोन करा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत आहे.

आणि वाटेतच बाळ आलं तर? हात स्वच्छ धुवा, बाळाला कोरड्या फडक्यानं पुसून आईच्या छातीवर ठेवा आणि दोघांना मिळून पांघरूण घाला. नाळ ओढू नका, पोट दाबू नका. मदत येत असेल तर नाळ कापायचीही घाई नको. कापावीच लागली तर कोरं ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरा. पहिल्या तासातच बाळाला चीक पाजा. मध नको, गुळाचं पाणी नको. आणि तरीही दवाखान्यात जाच.

एवढी तयारी करूनही काही जणींना ऑपरेशन लागेल. ते वेळेवर झालं तर ते या तयारीचंच फळ समजा. तेव्हा श्रोतेहो, आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे एकत्र बसा आणि पाच गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावा: कुठे जायचं, कुठली गाडी, सोबत कोण, रक्त कोण देणार आणि मोठ्या मुलाजवळ कोण थांबणार.