मोहल्ला समिति व शहराचीं कामें

(भिवंडी येथे मागवाले, कारागीर व आसपासचे शेतकरी यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज शुक्रवार. माग बंद आहेत, म्हणून आमचा आवाज तुम्हांस ऐकूं तरी येतो. उद्यां खडखडाट सुरू झाला कीं या शहरांत शेजारी शेजाऱ्याशीं बोलेल तो ओरडूनच. तेव्हां हातीं आहे तेवढ्या वेळांत एकच गोष्ट सांगून घेतों.

भिवंडीचें नांव परगांवीं काढलें कीं लोकांस दोन गोष्टी आठवतात, कापड आणि दंगा. कापडाची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. दंग्याची हकीकत मात्र तरुण मंडळींस नीट ठाऊक नाहीं. 1970 च्या मे महिन्याची सातवी तारीख. शिवजयंतीची मिरवणूक निघाली होती. ती कोणत्या वाटेनें जावी, घोषणा कोणत्या द्याव्या, गुलाल कोठें उधळावा, यावर आधींपासून कुरबुर होतीच. त्या दिवशीं लागलेली आग दुसऱ्या दिवशीं जळगांवास पोंचली. शंभरांवर माणसें मेलीं, आणि त्यांत मुसलमान पुष्कळ अधिक होते. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें चौकशी केली. ज्या राजानें रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावूं नका म्हणून आपल्या अंमलदारांस बजावलें, त्याच्याच नांवाच्या मिरवणुकींतून रयतेचीं घरें जळालीं! 1984 च्या मे महिन्यांत पुन्हां तेंच, आणि त्या वेळीं आग मुंबईपर्यंत गेली. दंगा झाला कीं माग बंद, माग बंद कीं रोज बुडाला, आणि बिशींतलें जेवण उधारीवर. हा हिशेब हिंदु कामगाराचा निराळा व मुसलमान कामगाराचा निराळा असा नसतो.

मग 1988 सालीं सुरेश खोपडे नांवाचे पोलीस उपायुक्त येथे आले. त्यांनीं काय केलें? जास्त बंदुका मागविल्या नाहींत. मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या केल्या, सत्तरच्या आसपास. प्रत्येकींत हिंदु व मुसलमान सारखे. आणि खरी मेख पुढेंच आहे. समितीची जबाबदारी त्यांनीं बड्या साहेबावर न टाकतां त्या भागांत रोज फिरणाऱ्या साध्या शिपायावर टाकली. बैठकींत धर्माचीं प्रवचनें नव्हतीं. शेजाऱ्याचें भांडण, कर्ण्याचा आवाज, पोराटोरांची मारामारी, असले बारीकसारीक तंटे तेथेंच मिटत. माणसें एकमेकांस तोंडओळखीनें नव्हे, नांवानें ओळखूं लागलीं. 6 डिसेंबर 1992 रोजीं अयोध्येची मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरांत पेटली, जानेवारींत पुन्हां पेटली, नऊशें माणसें मेलीं. मुंबईच्या उशाशीं असलेली, दोनदां जळून निघालेली भिवंडी मात्र शांत राहिली. कां? तर अफवा आली तेव्हां ती खरी कीं खोटी हें कोणाला विचारावें तें प्रत्येक गल्लीस ठाऊक होतें.

ही युक्ति कष्टकऱ्यांस अगदींच नवी नव्हती. 1893 च्या मुंबईच्या दंग्यानंतर गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं राणीच्या बागेंत हिंदु-मुसलमानांचा ऐक्याचा मेळा भरविला होता. पण मेळा एका दिवसाचा. समिति बारा महिन्यांची.

आतां आमचा मुद्दा. मिरवणूक कोणत्या वाटेनें जावी हें ठरविण्यास आपण एकत्र बसूं शकतों, तर गटार कोणत्या वाटेनें जावें हें ठरविण्यास कां बसत नाहीं?

शहर सुधारत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. 2001 सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उड्डाणपूल झाला. तो पुढें दुरुस्तीस आला आणि अवजड गाड्यांस बंद ठेवावा लागला, ही गोष्ट निराळी. 2018 च्या डिसेंबरांत ठाणें-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली. पण हीं सारीं कामें आमच्या डोक्यावरून जाणारीं. डोक्याखालचें काय? तीनबत्तीपासून मंडईपर्यंत बाजारांत बाईमाणसानें भाजीची पिशवी घेऊन चालावें कसें? वऱ्हाळ्याचें पाणी हें शहर पितें, आणि वर्षानुवर्षें गणपतीचें विसर्जनही त्याच तळ्यांत होत आलें. डाईंगचें रंगीत पाणी कामवारींत, कामवारी खाडींत, आणि खाडीकांठचा शेतकरी व कोळी कपाळाला हात लावून बसलेला. शहर आपलें तोंड धुतें तें शेतकऱ्याच्या ताटांत.

आमच्या गल्लींतलेंच सांगतों. एका कंत्राटदारानें गटार बांधलें. पहिल्याच पावसांत पाणी उलटें फिरून घरांत शिरलें. तक्रार घेऊन गेलों तर उत्तर मिळालें कीं काम पुरें होऊन बिलही चुकतें झालें आहे. म्हणजे कागदावर गटार वाहतें, आणि तुंबतें तें आमच्या चुलीपाशीं. आंधळें दळतें नि कुत्रें पीठ खातें. पण आम्हीं तरी काम चालू असतांना कधीं खड्ड्यांत वांकून पाहिलें होतें? दोन महिने त्यावरून उड्या मारून कामावर जात होतों. तेवढा दोष आमचा.

गटाराचें हंसण्यावारीं नेतां येईल. 21 सप्टेंबर 2020 ची पहांट नेतां येणार नाहीं. पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसांहून अधिक जीव गेले, त्यांत लहान लेंकरें होतीं. 2023 च्या एप्रिलांत वळपाड्यास आणखी एक इमारत पडली. दंगा नव्हता, सुरा नव्हता, तरी माणसें मेलीं. दंग्यासाठीं समिति, आणि पडणाऱ्या भिंतीसाठीं कांहींच नाहीं?

कायद्यानें आपल्याला जागा दिलेली आहे. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनें ठरविलें. 2011 च्या खानेसुमारींतच आपली वस्ती सात लाखांवर गेलेली होती. 2014 च्या फेरीवाल्यांच्या कायद्याप्रमाणें शहराच्या फेरीवाला समितींत निदान शेंकडा चाळीस सभासद फेरीवाल्यांनींच निवडलेले हवेत. गाडी कोठें लावावी हें गाडीवाल्यास विचारूनच ठरावें, असा त्याचा अर्थ. आणि 2022 सालीं निवडलेल्या सभासदांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला, तेव्हां तर विचारणार कोणाला, हाच प्रश्न होता. बोललें कीं फळ मिळतें हेंही पाहिलें आहे. कल्याण रस्त्यावरच्या दुकानदारांनीं व रहिवाशांनीं मेट्रोबद्दल नेट धरला, तेव्हां धामणकर नाक्यापुढचा तुकडा भुयारी करण्याचें ठरलें. ते दुकानदार होते, वेळ काढूं शकले. धोट्याबरोबर बारा तास उभा राहणारा वेळ कोठून काढणार, ही अडचण आम्हांस दिसते. म्हणूनच शुक्रवार धरला आहे.

करायचें तें असें. 2005 च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचें कोर्ट फीचें तिकीट लावून अर्ज केला कीं तीस दिवसांत उत्तर देणें कचेरीस भाग आहे. गटाराचें अंदाजपत्रक किती, कंत्राट कोणाला, मुदत कधींपर्यंत, आपल्या इमारतीस धोक्याची नोटीस निघाली आहे कीं नाहीं, हें सारें विचारतां येतें. प्रत्येक गल्लींतून चार माणसें निवडा. हिंदु-मुसलमान सारखे, आणि चारांतील निदान एक बाई. पाणी घरांत शिरतें तेव्हां तें तिलाच उपसावें लागतें. पद्मानगरच्या तेलुगु मंडळींनीं व निजामपुऱ्याच्या मोमीन मंडळींनींही यावें. खाडीकडच्या गांवांनीं आपले दोन पाठवावे.

पुढच्या शुक्रवारीं दुपारीं आम्ही येथेंच अर्ज लिहून देण्यास बसूं. येतांना गटाराची किंवा इमारतीची जागा नीट पाहून या. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें तोंडीं सांगावें. घरांत मूल शाळेंत जात असेल तर त्यालाच बरोबर आणा, तें लिहील.