नेट गेलं? आधी वायर बघा!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेलं भाषण)



‘कॉम्प्युटरवर बोल, पण सगळ्यांना कळेल असं,’ अशी मला ताकीद आहे. म्हणून एक किस्साच सांगतो.

२०२० चा लॉकडाऊन. कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा इंटरकॉम आला, “अरे, नातीची ऑनलाइन परीक्षा अर्ध्या तासात आहे आणि लॅपटॉपला नेटच नाही!” आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून तिथे लॅन वायर नेलेली होती.

मी विचारलं, “वायर खोचतो तिथला छोटा दिवा लागलाय का?” नव्हता. वायर काढून पुन्हा लावली, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. तरी अंधार. राउटरचं दुसरं भोक वापरलं. तेच. मग लॅपटॉप राउटरपाशी नेऊन टीव्हीच्या डब्याची वायर लावली. दिवा लागला! म्हणजे दोष वायरीत.

पण नेट येईना. नातीने आयपी ॲड्रेस वाचला, १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे राउटरने लॅपटॉपला नंबर दिलाच नव्हता. त्याने स्वतःच एक घेतला होता. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला. १९२.१६८ चा नंबर आला, नेट आलं. परीक्षेला सहा मिनिटं होती.

पुढे ती जुनी वायर बघितली. दाराच्या फटीतून नेलेली, दार आपटून आपटून आतल्या तारा तुटलेल्या. आणि तशी नेणारा शहाणा मीच! काकूंपाशी कबूल केलं, तर म्हणाल्या, “पेपर झाला ना? मग झालं. नवीन मात्र नीट टाक.”

लॅन वायरीत आठ तारा, चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात; १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून कधी नेट चालतं, पण रडतखडत. तेव्हाही आधी वायर बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती. जिन्यातल्या डक्टमधल्या प्रत्येक वायरीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावूया, आणि ऑफिसात एक चांगली जादा वायर ठेवूया. पुढची परीक्षा कोणाच्या घरी असेल, सांगता येत नाही.